लेव्हल माझी, चिलखत दरोडेखोराचं

2006 सालचा ऑब्लिव्हियन हा व्हिडिओ गेम मला मनापासून आवडतो, म्हणूनच जास्त चीड येते. तासन्‌तास घासून मी लेव्हल वाढवायची आणि माझ्याबरोबर अख्खं जग वर चढणार! सुरुवातीला फाटक्यातुटक्या कातड्यात फिरणारे दरोडेखोर पुढे काचेचं महागडं चिलखत घालून माझ्याकडे मूठभर नाणी मागतात. अरे, ते चिलखत वीक ना, आयुष्यभर बसून खाशील!

मग मी कमावलं काय?

त्यात तो हिशेब. मेजर स्किल्स, म्हणजे आपल्या पात्राची मुख्य कौशल्यं, मिळून 10 वेळा वाढली की झोपायचं, तेव्हा लेव्हल मिळते. पण एन्ड्युरन्सला, म्हणजे सहनशक्तीला, पूर्ण 5 गुण हवे असतील तर ब्लॉक (ढालीनं वार अडवणं), आर्मरर (चिलखत दुरुस्त करणं), हेवी आर्मर (जड चिलखत) ही त्याची स्किल्स त्याच लेव्हलमध्ये 10 वेळा वाढलेली हवीत. म्हणून उंदरापुढे ढाल धरून उभं राहायचं, हातोड्यानं चिलखत ठोकत बसायचं. मला गुहा धुंडाळायच्यात हो, वहीत आकडे मांडायचे नाहीत! आणि एन्ड्युरन्स उशिरा वाढवला, तर आधीच्या लेव्हलींना कमी मिळालेली हेल्थ कधीच भरून निघत नाही. वीस तास खेळल्यावर हे कळतं. वीस तास!