शिक्षा किती, त्याआधी शिक्षा कशासाठी?

नागपुरात एखादी निर्घृण घटना घडली की संविधान चौकात लोक मेणबत्त्या घेऊन जमतात आणि आरोपीला फाशी देण्याची मागणी होते. त्या संतापाबद्दल माझ्या मनात आदर आहे. मात्र फौजदारी वकिली करताना मला सातत्याने जाणवत आले आहे की, शिक्षा किती असावी यावर आपण तावातावाने बोलतो. ती कशासाठी द्यायची, हा प्रश्न मात्र न्यायालयाच्या आत आणि बाहेरही अनुत्तरित राहतो.

कायदा केवळ कृत्य पाहत नाही, त्यामागचे मनही पाहतो. माणूस मेला एवढ्यावरून खून सिद्ध होत नाही. ठार मारण्याच्या हेतूने केलेला वार, मृत्यू ओढवू शकतो हे ठाऊक असूनही भांडणात डोक्यात घातलेली काठी आणि वर्धा रोडवर बेदरकारपणे चालवलेल्या गाडीखाली गेलेला जीव, या तिन्ही घटनांत एका घरातला माणूस कायमचा जातो. तरीही भारतीय न्याय संहितेत पहिल्या प्रकाराला जन्मठेप किंवा फाशी आहे, तर निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूला सर्वसाधारणपणे कमाल ५ वर्षांची कैद आहे. मृताच्या आईला हा फरक पटणे अवघड असते, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही तो फरक पुसला, तर अपघात करणारा आणि सुपारी घेणारा एकाच रांगेत उभे राहतील.

शिक्षेमागचे हेतू विधी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवले जातात: केल्याचे फळ भोगायला लावणे, इतरांना जरब बसवणे, गुन्हेगाराला समाजापासून दूर ठेवणे आणि त्याला सुधारणे. यांपैकी पहिल्याला सूड म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. सूड घेण्याचा अधिकार नागरिकांनी राज्याच्या हाती दिला, तो राज्य न्याय करील या भरवशावर. तो भरवसा सुटला की काय होते, हे आपल्या शहराने १३ ऑगस्ट २००४ रोजी पाहिले. कस्तुरबानगरातील वस्तीवर वर्षानुवर्षे दहशत गाजवणारा आणि महिलांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेला अक्कू यादव त्या दिवशी जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच जमावाच्या हातून मारला गेला. त्याच्याविरुद्ध तक्रारी होत्या, अटका झाल्या होत्या, जामीनही मिळाले होते. पोलीस त्यालाच पाठीशी घालतात, असे वस्तीतल्या बायाबापड्या उघड सांगत होत्या. पुढे त्याच्या हत्येच्या खटल्यातील आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या महिलांचे दुःख मी कधीही हलके मानणार नाही; तरीही न्यायालयाच्या आवारात कायद्याचाच पराभव झाला होता आणि त्याची जबाबदारी वस्तीपेक्षा व्यवस्थेवर अधिक येते.

जरब बसवण्याविषयी इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच मांडले होते की, गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिच्या अटळपणाची भीती अधिक वाटते. खटला वर्षानुवर्षे तारखांवर चालला, तोवर साक्षीदार फितूर झाले आणि पंचांना पंचनामाही आठवेनासा झाला, तर पुस्तकातली शिक्षा दुप्पट करून कोणाला धाक वाटणार? आपल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा दोष अजून सिद्धच झालेला नाही. त्यांच्यापैकी कित्येकांना निकालाआधीच शिक्षा भोगून झालेली असते.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो दोषी ठरवल्यानंतरचा क्षण. आरोपीला शिक्षेबाबत ऐकून घ्यावे, असे कायदा सांगतो. न्यायाधीश विचारतात, 'शिक्षेबद्दल काही सांगायचे आहे का?' पिंजऱ्यातला माणूस हात जोडून म्हणतो, 'माय म्हातारी हाय साहेब, लेकरं लहान हायत.' आम्ही वकील दया दाखवावी एवढे म्हणतो, सरकारी वकील कठोर शिक्षा मागतात आणि पुष्कळदा काही मिनिटांत सुनावणी आटोपते. तो माणूस कोण आहे, त्याचे आधीचे आयुष्य कसे होते, सुधारण्याची शक्यता किती, याचा एक कागदही समोर नसतो. शिक्षेवरील सुनावणीसाठी सर्वसाधारणपणे पुढची तारीख द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात सांगितले आहे. २०२२ च्या मनोज खटल्यात फाशीच्या प्रकरणांसाठी आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती मागवण्याचे निर्देशही दिले. माझे आग्रही मत आहे की, अशी माहिती दीर्घ कैदेच्या प्रत्येक प्रकरणात मागवली पाहिजे. दहा वर्षे आत जाणाऱ्या माणसाचेही आयुष्य पणाला लागलेले असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेने समाजसेवा ही शिक्षा आणली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र चोरीत ती मिळते ती ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाच्या पहिल्याच चोरीत, आणि माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर. बर्डीच्या गर्दीत मोबाईल चोरणारा पोरगा या मर्यादेत क्वचितच बसेल, कारण आज तेवढ्यात साधा स्मार्टफोनही सहजी येत नाही.

या साऱ्या चर्चेत पीडिताचे नाव शेवटी येते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. आरोपी सापडला नाही किंवा त्याची ओळख पटली नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो. आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर त्यांना हे अवश्य सांगा. अर्ज लिहिण्यासाठी मदत हवी असल्यास मला संदेश पाठवा, मी त्यासाठी कोणतेही शुल्क घेणार नाही.