वर्गणी म्हटलं की दारं बंद!

आमच्या गल्लीतून दोन महिन्यांत तीन दुचाक्या गेल्या. एका काकूंचं मंगळसूत्र भरदिवसा खेचलं. तरी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी घरटी पंधराशे मागितले की काय ऐकायचं? "आमच्याकडे गाडीच नाही." "आम्ही भाड्याने राहतो." "नगरसेवकाला सांगा ना!" अहो, चोर काय भाडेकरार बघून येतो?

गणपतीची वर्गणी एका संध्याकाळी जमते, डीजेसकट! मग इथेच हात का आखडतो?

बरं, कसेबसे चार कॅमेरे बसवले, तर देखभालीला पैसे नाहीत. काचेवर कोळ्याचं जाळं, त्यावर रात्री कॅमेऱ्याच्याच इन्फ्रारेडचा (अंधारात दिसावं म्हणून असलेला, डोळ्यांना न दिसणारा) उजेड पडला की पडद्यावर नुसतं पांढरं धुकं. हार्डडिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, हे दहादा सांगून झालं. तरी चोरीनंतर महिन्याने फुटेज मागायला येतात. कोण? ज्यांनी एक रुपया दिला नाही तेच!

२६/११ नंतर मुंबईत शहरभर कॅमेरे लागायला २०१६ उजाडलं. आपणही तेवढं थांबायचं? त्या काकू अजून संध्याकाळी एकट्या खाली उतरत नाहीत हो!