सरांचं मेडल नंतर, आधी पोराची चाकं बघा

घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून थेट खारघरपर्यंत, स्केटिंग क्लासच्या बोर्डांवर सरांचं नाव बारीक आणि "गोल्ड मेडलिस्ट" ठळक. २०२५ मध्ये भारताच्या आनंदकुमार वेलकुमारने चीनमध्ये चाकांच्या स्केटिंगमध्ये १००० मीटर स्प्रिंटचं जागतिक विजेतेपद मिळवल्यावर पोराला स्पीड स्केटिंगला घालायची हौस वाढली तर नवल नाही. हौस असूदे. पण जिंकणाऱ्याला शिकवताही येतं असं धरून फी भरू नका.

चॅम्पियनचा घोटा, गुडघा, कंबर आपोआप काम करतात. तो सांगतो, "खाली बस, जोरात पुश कर." आठ वर्षांचं पोर मग धावल्यासारखं मागे ढकलतं, तेही चवड्यावरून. पुश बाजूला जायला हवा, टाचेतून जोर देत, आणि पाय उचलेपर्यंत सगळी चाकं जमिनीला टेकलेली. चवड्यावरून मारलं की पाय सटकतो, ताकद वाया जाते आणि पुढचं चाक आधी झिजतं. हे दिसायला सरांनी मागे उभं राहावं लागतं. मधोमध शिट्टी घेऊन लॅप मोजणाऱ्याला काय दिसणार?

जिंकणं आणि शिकवणं, दोन्ही जमलेली माणसं असतात. अमेरिकेच्या पीटर म्युलरने १९७६ मध्ये इन्सब्रुकला बर्फावरच्या १००० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, नंतर तो कोच झाला. त्याचा शिष्य डॅन जॅन्सन मुळात ५०० मीटरवाला, १००० त्याला नकोसं. म्युलरने ते सोडू दिलं नाही. १९९४ मध्ये लिलेहॅमरला जॅन्सनचा ५०० मीटरला पाय घसरला, आणि १००० मीटर त्याने विश्वविक्रमासह जिंकलं. उलट फ्लोरिडातल्या ओकालाची रेनी हिल्डेब्रँड पेशाने फिजिकल थेरपिस्ट. ब्रिटनी बो, जोई मँटिया आणि एरिन जॅक्सन तिच्याकडे चाकांवर घडले, मग बर्फावर गेले. जॅक्सनने २०२२ मध्ये बीजिंगला ५०० मीटरचं सुवर्ण घेतलं. शरीर वाचता येणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

ट्रायल क्लासला गेलात तर सरळ रेषेकडे बघूच नका, कॉर्नर बघा. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावं वळण. उजवा पाय डाव्यावरून टाकायला पोरं पटकन शिकतात. अडतं डाव्या पायाशी. त्याने बाहेरच्या कडेवर झुकून, उजव्या पायाखालून उजवीकडे ढकलायचं असतं. बहुतेक पोरांचा डावा पाय नुसता खांबासारखा उभा राहतो, म्हणून कॉर्नरला वेग पडतो. चांगला कोच छोट्या वर्तुळात, हळू, फक्त या एका पुशवर क्लास घालवतो. पालकांना ते कंटाळवाणं वाटतं, त्याला इलाज नाही.

सामानात तर आपणच घोळ घालतो. "वाढता पाय आहे" म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतला की टाच आत हलते, घोटा आत पडतो, आणि सगळ्या चाकांची आतली कड तिरकी झिजते. लहानग्याला ११० मिलिमीटरची चाकं आणायला सांगणाऱ्या सरांना कारण विचारा. पाय उंच जातो, घोटा डगमगतो, स्टार्ट जड होतो. ८० किंवा ९० पुरे. चार चाकांच्या फ्रेममध्ये, म्हणजे बुटाखालच्या चाकांच्या पट्टीत, पहिलं-तिसरं आणि दुसरं-चौथं बदला, प्रत्येक चाक उलटं करून बसवा, झिजलेली कड बाहेर. ॲलन की घेऊन पंधरा-वीस मिनिटांचं काम. सोसायटीच्या पोडियमवरच्या (पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीवरच्या) पेव्हर ब्लॉकवर चाकं लवकर जातात, तिथे हे वरचेवर करावं लागतं.

पावसाळ्यात ओल्या टाइल्सवर क्लास घेणाऱ्याकडे पोराला पाठवूच नका. त्या महिन्यांत पार्किंगमध्ये ड्राय स्केटिंग (स्केट न घालता, साध्या बुटांवर केलेला स्केटिंगचा सराव), गुडघे वाकवून पोझिशन धरणं, स्लाइड बोर्ड (गुळगुळीत फळीवर डावी-उजवीकडे घसरणं), एवढ्याने पायाची ताकद टिकते. स्केट भिजलेच तर त्याच रात्री चाकं काढून बेअरिंग पुसा, पंख्याखाली वाळवा, तेलाचा एकेक थेंब सोडा. ओले स्केट बॅगेत तसेच ठेवले तर आठवडाभरात बेअरिंग करकरायला लागतात, आणि पोराचा वेग का कमी झाला म्हणून सगळे सरांना विचारत बसतात.