घोडी वाहून न्यायच्या गाडीतल्या खोलीचं फ्लोअरिंग उखडलं, त्याबद्दल

नमस्कार भाऊ. एक स्टार दिला त्याचं वाईट नाही वाटलं. 'डुप्लिकेट माल लावला' हे मात्र झोंबलं.

तुम्ही लिहिलं की गाडीतल्या पुढच्या झोपायच्या खोलीत आम्ही टाकलेलं विनाईल दीड महिन्यात फुगलं, पार्टिशनजवळ सुटलं, अन् वासानं आत बसवत नाही. फोटो पाहिले, खरं आहे. पण शीट २ मिलिमीटरचीच आहे. त्याच रोलचा तुकडा माझ्या दुकानाच्या दारात आहे, दिवसभर लोक चिखलाच्या चपलांनी तुडवतात, अजून जागचा हलला नाही.

बिघडलं ते खाली. जुनी शीट काढली तेव्हा पार्टिशनच्या बुडाशी मी पेचकस टोचून दाखवला होता, आठवते? चहात बुडवलेल्या टोस्टात जावा तसा प्लायमध्ये गेला. घोडी रात्रभर मागं उभी. ब्रेक लागला की मूत पुढं वाहत येते अन् पार्टिशनखालून खोलीत शिरते. प्लाय साधा कमर्शियल, ओल पिऊन बसलेला. मी म्हटलं, पुढचे दोन फूट कापून ७१० नंबरचा, ओल सोसणारा मरीन प्लाय टाकू, दोन दिवस जास्त लागतील. तुम्ही म्हटलं, "दत्तजयंती तोंडावर आली, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पोचायचं आहे, टाका वरून."

अन् मी टाकलं. वरून विनाईल चिकटवलं की ओलीला निघायला वाट राहत नाही. प्लाय आतल्या आत सडतो, चिकटवायचं सोल्यूशन पकड सोडते. हे मला ठाऊक होतं. तेव्हाच 'जमत नाही' म्हणायला पाहिजे होतं, निदान बिलावर तसं लिहायला पाहिजे होतं. दोन्ही केलं नाही. शिवाय पार्टिशनच्या जोडावर सिलिकॉन मारायचा राहिला. ती चूक सरळ माझी, त्यात तुमच्या घाईचा काही संबंध नाही.

फोन उचलला नाही, तेही बरोबर. घरी लग्न होतं.

आता गाडी घेऊन या. सडलेला प्लाय काढतो, नव्या प्लायच्या कडा अन् खालची बाजू ऑइलपेंट मारून बसवतो. पार्टिशनच्या बुडाशी दोन इंची अँगल वेल्ड करून सिलिकॉन भरतो, अन् घोडीच्या बाजूला पाणी बाहेर जायला भोक पाडतो. शीट भिंतीला टेकवत नाही, पट्टीखाली थोडी जागा सोडतो, नाही तर वैशाखात टिनाची खोली तापली की पुन्हा फुगेल. प्लायचे पैसे दुकानाच्या बिलाप्रमाणे तुम्ही द्या. शीट अन् मजुरी माझी. चार दिवस मात्र पूर्ण लागतील, अन् येण्याआधी दोन दिवस गाडी पाइपनं धुवू नका.

घोडीला घरीच ठेवा. मागच्या वेळी तिनं कंप्रेसरचा पाइप चावला, तो मी बिलात धरला नव्हता.