अडून राहिलेल्या कळ्यांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शरदाच्या अखेरीस फुलणाऱ्या झाडांवरील माझ्या लेखावर आपण रोखठोक आणि तपशीलवार लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपला पहिला आक्षेप असा, की शेवंतीला फुलण्यासाठी थंडीची वाट पाहावी लागत नाही हे माझे विधान आपल्याकडच्या कोरड्या, उष्ण हवेत खोटे ठरले. पाचही कुंड्यांत कळ्या आल्या, पण वाटाण्याएवढ्या होऊन महिनाभर तशाच अडून राहिल्या. दुसरा असा, की ‘या दिवसांत पाणी कमी करावे’ हा माझा सल्ला पाळल्यामुळे त्यांतल्या दोन कुंड्या वाळून गेल्या. दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, म्हणून आधी तोच घेतो.

ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बोगनवेल होती आणि मी ते सरसकट सगळ्या झाडांना लागू पडेल अशा थाटात लिहिले, ही चूक माझीच. चांगली रुजलेली बोगनवेल पाण्याचा ताण बसला की पालवी आवरती घेते आणि रंगावर येते. (तो रंगही फुलांचा नसतो, तीन रंगीत कागदी पानांच्या मधोमध ज्या बारीक, पांढरट नळ्या दिसतात, ती तिची खरी फुले.) शेवंतीची मुळे मात्र तंतुमय असतात आणि मातीच्या वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे कळी धरल्यापासून ती उमलेपर्यंत ओल तुटलेली तिला सोसत नाही. कुंडीतली माती बोटाच्या पेरभर कोरडी लागली, की तळाच्या भोकातून झिरपेपर्यंत पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने केवळ वरची माती काळी दिसते आणि मुळे तहानलेलीच राहतात. वर पालापाचोळ्याचे दोन इंची आच्छादन घातले, तर कोरड्या वाऱ्यात पुष्कळ फरक पडतो. फक्त ते खोडाला टेकू देऊ नये.

पहिल्या आक्षेपावर मात्र मी माझे म्हणणे बरेचसे कायम ठेवतो. शेवंती कळी धरते ती रात्री लांबू लागल्यामुळे. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन संशोधकांनी 1920 साली मांडला, आणि त्यात निर्णायक ठरतो तो सलग अंधार, हे 1938 साली हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग करून दाखवले: लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ प्रकाश पाडला, तरी झाड ती रात्र लांब म्हणून धरत नाही. तीस अक्षांशाच्या आसपास सर्वांत मोठा दिवस सुमारे 14 तासांचा आणि सर्वांत लहान सव्वादहा तासांचा असतो. शेवंतीच्या बहुतेक वाणांच्या कळ्या वाढायला दिवस साडेतेरा तासांपेक्षा लहान असला की पुरतो, आणि ही वेळ थंडीच्या पुष्कळ आधी येते. मी वगळली ती दुसरी बाजू: रात्रीही हवा तापलेली राहिली, तर धरलेली कळी रेंगाळते आणि फुले काही आठवडे मागे पडतात. तेवढ्यापुरता आपला अनुभव माझ्या लेखापेक्षा खरा आहे.

तरीही आपल्या कळ्या केवळ उष्णतेने अडल्या असतील, असे मला वाटत नाही. आपण जाता जाता लिहिले आहे, की कळीच्या लगत खालची पाने नेहमीसारखी कातरलेली नसून पट्टीसारखी अरुंद आहेत, आणि कुंड्या फाटकाजवळच्या दिव्याखाली आहेत. कळी धरण्यापुरती रात्र मिळाली, पण ती वाढवण्याइतकी मिळाली नाही, की शेवंती नेमकी अशी पाने काढते. माझ्याकडे गॅलरीतल्या दिव्याने एका वर्षी असाच घोळ घातला होता. भिंतीच्या सावलीतली अर्धी शेवंती पिवळीधमक झाली आणि दिव्याकडची अर्धी हिरवीगारच राहिली. मी मात्र तोवर खत बदलून पाहत बसलो होतो.

उरलेल्या तीन कुंड्या रात्री काळोख असेल अशा जागी हलवाव्यात. ते शक्य नसेल, तर सूर्यास्तानंतर दिवा लागण्यापूर्वी त्यांच्यावर जाड काळे कापड टाकून सकाळी काढावे; ऊन असताना झाकल्यास आत उकाडा साचून उलट परिणाम होईल. आता शेंडे खुडू नयेत आणि नत्राचे खतही देऊ नये. वाणानुसार लांब रात्री सुरू झाल्यापासून फुलायला सहा ते पंधरा आठवडे लागतात, त्यामुळे पुढच्या खेपेस सहा-सात आठवड्यांत फुलणारा लवकरचा वाण निवडणे उष्ण हवेत सोयीचे पडेल.

मखमली सॅल्व्हियाची फुले ‘आठ दिवसांत गळाली’ असे आपण लिहिले आहे. गळते ती पांढरी नळी. जांभळी लव असलेली बाहेरची वाटी कित्येक आठवडे टिकते, तेव्हा ते तुरे इतक्यात कापू नका.

मूळ लेखातले पाण्याविषयीचे वाक्य काढून तिथे मी आता असे लिहिले आहे: ‘बोगनवेलीचे पाणी कमी करावे, शेवंतीच्या कळ्या उमलेपर्यंत तिची माती सुकू देऊ नये.’ दिव्याविषयीचा परिच्छेद आपल्या कुंड्यांचे काय होते ते कळल्यावर जोडेन. जागा बदलल्यावर कळीखाली येणारी नवी पाने कातरलेली आहेत की अरुंद, एवढे जरूर पाहून कळवावे.