हाताला चटका बसत नाही म्हणून लेझर बिनधोक? कट्ट्यावर झालेला वाद

विषय निघाला सच्याच्या मोबाईलवरून. त्याच्या कॅमेऱ्यातून कुठलाही फोटो काढा, वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका येतो आणि तिथून खालपर्यंत सरळ गुलाबी रेघ, म्हणजे पोरीच्या वाढदिवसाच्या फोटोतसुद्धा केकवरून रेघ गेलीये. गेल्या विसर्जनाला ट्रॉलीसमोर उभा राहून व्हिडिओ काढत होता, लेझरचा हिरवा झोत एकदा सरळ कॅमेऱ्यात आला, झालं. दुकानवाला म्हणाला पुसून जाणार नाही, कॅमेराच बदलावा लागेल.

मी म्हटलं, बघा, कॅमेऱ्याचं हे झालं, त्याच्या शेजारी सच्याचा डोळा होता.

आता आमच्यात सोन्या आहे, त्याचा लाईटचा धंदा आहे, दोन लेझर स्वतःचे आणि सीझनला अजून भाड्याने आणतो. तो भडकलाच. म्हणे, "काय बोलतो राव, मी दिवसभर त्या मशिनीसमोर असतो, झोतात हात घालून बघतो, काही होत नाही. हाताला साधा चटका बसत नाही तर डोळ्याला काय होणार? तुम्ही लोकं उगाच बाऊ करता."

आणि मला तिथेच वाटलं की हे वाक्य मी ऐकलेलंय, अगदी जसंच्या तसं, चौथी-पाचवीत असताना. फलटणच्या यात्रेत ते किचेनचे लाल लेझर यायचे आठवतं का, तीन बटणसेल, पितळी रंगाची नळी, आणि पुढे स्क्रू करायच्या टोप्या. वर्गात एकाकडे आला की सगळ्यांचं पहिलं काम काय तर तळहातावर मारून बघायचं. जळलं नाही? मग खेळण्यातलाच आहे, खरा लेझर म्हणजे टीव्हीतला, जो लोखंड कापतो, ज्याचा आवाज येतो, जो हवेत लाल काठीसारखा दिसतो. हा आपला साधा, म्हणून बिनधास्त एकमेकांच्या तोंडावर मारायचा. आम्ही पारख करायला हात वापरला आणि हात हा चुकीचा साक्षीदार आहे, माझं सगळं म्हणणं एवढंच होतं, पण ते मांडायला रात्रीचे साडेअकरा झाले कारण मधे प्रत्येकाला आपापलं लहानपण सांगायचं होतं.

पक्याचं टोप्यांवर होतं. टोपी लावली की भिंतीवर साप, फुलपाखरू, बदाम, कवटी उमटायची. त्याची पक्की समजूत की टोपीच्या आत बारीक फोटो चिकटवलाय, सिनेमाच्या रिळासारखा. एकदा त्याने कवटीची टोपी दगडाने फोडली, आतून निघाला नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, एकदम पारदर्शक, उन्हात धरला तरी चित्र नाही. त्याला वाटलं फोडताना कवटी पडली कुठेतरी, ओट्याखाली शोधत बसला. मास्तर (आमचा मास्तर क्लासमध्ये फिजिक्स घेतो) एकदम खूश झाला, म्हणाला अरे तेच तर भारी आहे, त्या तुकड्यात कवटी नसतेच. त्यावर डोळ्याला न दिसणारी बारीक नक्षी कोरलेली असते, लेझरचा एकाच रंगाचा, एका लयीतला प्रकाश त्यातून गेला की वेगवेगळ्या दिशांना वळतो, काही ठिकाणी लाटा एकमेकीत मिळून उजेड वाढतो, काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात आणि अंधार, आणि कवटी तयार होते ती थेट भिंतीवर. साधी बॅटरी मारली असती तर नुसते रंगीत फराटे दिसले असते कारण बॅटरीत सगळे रंग आणि सगळ्या दिशा मिसळलेल्या. आणि आठवून बघ म्हणाला, चित्राच्या मधोमध एक ठळक ठिपका राहायचाच, तो न वळता सरळ गेलेला प्रकाश. पक्या दोन मिनिटं गप्प होता. मला हे सांगणं फार आवडलं, कारण यात्रेतल्या त्या स्वस्त खेळण्यात एवढी मोठी गोष्ट होती आणि शाळेत कुणी आम्हाला ती सांगितली नाही, सरळ जप्त करून टेबलाच्या खणात टाकायचे.

मग सोन्याने परत गाडी रुळावर आणली. "ते जाऊ दे. कापणारा लेझर वेगळा, तो दिसतोच केवढा जाड. माझा झोत धुरामुळे दिसतो फक्त."

मास्तर म्हणाला तू अर्धं बरोबर बोललास. झोत बाजूने दिसतो तो धुरामुळेच, म्हणजे धुराच्या कणांना धडकून जो थोडासा प्रकाश झोत सोडून तुझ्याकडे वळला तो तुला दिसतो. जो वळला नाही तो पुढे चाललाय आणि तो तुला दिसत नाही. त्यामुळे स्वच्छ हवेत झोत दिसत नाही म्हणून तो कमजोर आहे असं नाही, उलट पुढच्या माणसाच्या डोळ्यात तो पूर्ण जातो. आणि जाड पत्रा कापणारा लेझर म्हणशील तर तो दिसतच नाही, धूर सोडलास तरी नाही. कार्बन डायऑक्साईड लेझर, लाटेची लांबी १०.६ मायक्रॉन, इन्फ्रारेड, माणसाच्या डोळ्याला तो प्रकाश कळतच नाही. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याला दिसतो तो फक्त तापलेला धातू.

"आणि तो बनवला कुणी माहितीये का," मास्तर म्हणाला, "बारामतीत जन्मलेल्या माणसाने."

आता फलटणच्या कट्ट्यावर बसून बारामतीचं नाव घेतलं की लोकं हसतात, सगळ्यांना वाटलं टाकतोय. पण खरं आहे. सी. कुमार एन. पटेल, जन्म बारामती, १९३८, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून डिग्री, मग स्टॅनफर्डला डॉक्टरेट आणि पुढे अमेरिकेत बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत. पहिला लेझर मेमन नावाच्या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात १९६० च्या मे महिन्यात चालवला, माणिकाच्या कांडीचा, आणि त्यानंतर चारच वर्षांत, १९६४ ला, पटेलांनी कार्बन डायऑक्साईडचा. आजही कापायला, कोरायला, ऑपरेशनला तो लेझर वापरतात. तासाभराच्या आतलं गाव, आणि आम्ही लहानपणी समजत होतो की लेझर म्हणजे परग्रहावरून आलेली वस्तू. बारामतीच्या शाळांत त्यांचा फोटो असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, पण ते असो.

सोन्या हलला नाही. त्याने हुकमाचा पत्ता काढला. "मग बायकोचं काय? तिचा नंबर लेझरनेच काढला ना? डायरेक्ट डोळ्यात मारला डॉक्टरने. आता बिनचष्म्याची स्कूटर चालवते."

खरं सांगायचं तर इथे मला उत्तर येत नव्हतं. दिलं मनीने. मनी सोन्याची चुलत बहीण, डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते, भावाला न्यायला आली होती आणि इतका वेळ गाडीवर बसूनच ऐकत होती. म्हणाली, "दादा, वहिनीचा लेझर १९३ नॅनोमीटर लाटेचा होता, अल्ट्राव्हायोलेट. तो डोळ्याच्या आत जातच नाही. बुबुळाच्या वरच्या पारदर्शक पापुद्र्यातच संपतो, तिथला एकदम पातळ थर उडवतो, बस. तुझा हिरवा ५३२ चा. तो काचेतून गेल्यासारखा सरळ आत जातो, आणि आत भिंग आहे डोळ्याचं, ते त्याला गोळा करून मागच्या पडद्यावर केसापेक्षा बारीक ठिपक्यात आणतं. लाखपट तीव्र होतो तिथे. हाताला भिंग आहे का तुझ्या?"

पुढचं तिने सांगितलं ते ऐकून तर सगळेच सरळ होऊन बसले. शुगरमुळे ज्यांचा पडदा खराब होतो त्या पेशंटना डॉक्टर लेझर देतात, आणि बहुतेक ठिकाणी हा हिरवा ५३२ चाच असतो. पडद्यावर मुद्दाम बारीक बारीक डाग पाडतात, कडेकडेने, मधला भाग सांभाळून, आणि प्रत्येक डाग सेकंदाच्या लहानशा भागात पडतो. ताकद किती तर दोनशे-तीनशे मिलीवॉटच्या आसपास, पेशंटप्रमाणे कमीजास्त. तिथे डोळ्याला लेन्स लावून, हनुवटी टेकवून, डॉक्टर मायक्रोस्कोपमधून बघत एकेक डाग मोजूनमापून देतो. "आणि तू तोच रंग गर्दीवर सोडतोस," एवढंच म्हणाली. पक्याचे वडील शुगरचे, त्यांना दोन्ही डोळ्यांना असा लेझर दिलाय, पक्याने मान हलवली.

सोन्याचा पुढचा मुद्दा मात्र खरंच चांगला होता आणि मी तो टाळणार नाही. मघाशी लहानपणच्या गोष्टी चालल्या होत्या तेव्हा सच्या म्हणाला होता की आम्ही गच्चीवरून चंद्रावर ठिपका पाडायचो, आणि मास्तरने हिशेब करून सांगितलं होतं की लेझर कायम सुईसारखा राहत नाही, पसरतो, साधा पॉइंटर हजार मीटरवर साधारण एक मीटर रुंद होतो, चंद्रापर्यंत गेला तर चारशे किलोमीटरचा फिक्का पट्टा. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर शास्त्रज्ञ लेझर मारतात, १९६९ ला अपोलो ११ ने पहिला ठेवला, त्यांचा मोठ्या दुर्बिणीतून सोडलेला झोतसुद्धा तिथे पोचेपर्यंत काही किलोमीटर रुंद होतो. सोन्याने नेमकं ते पकडलं. "पसरतो ना? मग लोकांपर्यंत जाईस्तोवर पसरलेला असतो. आणि माझा झोत एका जागी थांबत नाही, स्कॅनरचा हलता आरसा फिरवतो त्याला. डोळ्यावरून जातो न जातो."

मास्तरने सकाळच्या पेपरच्या कोऱ्या कडेवर मांडलं. समजा मशिन दोन वॉटची. झोत निघताना ५ मिलीमीटर. दहा मीटरवर पसरून झाला २० मिलीमीटर, चार पट रुंद, बरोबर? रात्री डोळ्याची बाहुली उघडून ७ मिलीमीटरपर्यंत होते. म्हणजे त्या गोलाचा आठवा भाग आत जाणार, दोन वॉटचा आठवा भाग पाव वॉट. अडीचशे मिलीवॉट. मनीने लगेच बोट ठेवलं त्या आकड्यावर, काही बोलायची गरजच नव्हती. आणि वर्गात दाखवायचा सुरक्षित पॉइंटर असतो १ मिलीवॉटचा, तोही सुरक्षित का तर पाव सेकंदात आपण पापणी मिटतो म्हणून. तुझ्या मशिनीसमोर पाव सेकंद म्हणजे फार उशीर झाला.

फिरत्या झोताचं म्हणशील तर हो, फिरतोय तोवर डोळ्यावर वेळ कमी पडतो, हे मास्तरनेही मान्य केलं. पण स्कॅनरचा आरसा अडकला, वायर हलली, ट्रॉली खड्ड्यात गेली, किंवा गाण्याच्या ठेक्यावर एकच झोत थांबवायचा असा प्रोग्रॅम असला तर? आणि तसा असतोच, सगळ्यात जास्त शिट्ट्या त्यालाच पडतात, हे सोन्यानेच सांगितलं. पडद्याला दुखतही नाही, तिथे वेदनेची नसच नाही. पोरगं नाचून घरी जातं, झोपतं, आणि सकाळी मोबाईल बघताना मधोमध काळा डाग. २०२३ च्या विसर्जनानंतर पुण्यात, नाशकात असे तरुण पेशंट डॉक्टरांकडे आले होते, पेपरात सगळं आलं होतं, आणि २०२४ ला पुणे पोलिसांनी मिरवणुकीत लेझर बीमवर बंदी घातली.

सोन्या म्हणाला बंदीचं मला सांगू नको, पोटाचा प्रश्न आहे, आणि मंडळाची पोरंच म्हणतात की लोकांवर मार, वर मारला तर फील येत नाही. हे खरं आहे, एकट्या ऑपरेटरला धरून उपयोग नाही, मागणी आपल्याकडूनच येते. पण यावर माझं मत ठाम आहे आणि मी ते तिथे मोठ्याने सांगितलं, एका माणसाच्या नजरेच्या बदल्यात मिळणारा फील मला नकोय. झोत डोक्यावरून जाऊ दे. अमेरिकेत लेझर शोला साधी अट असते, लोक उभे असतात त्या जमिनीपासून ३ मीटरच्या खाली झोत उतरायचा नाही.

मग गाडी शार्पीवर आली आणि इथे अजून एक गैरसमज निघाला, हा मात्र मोठेपणीचा. सच्याला वाटत होतं शार्पी म्हणजे पण लेझर. सोन्या हसला, म्हणे आत दिवा असतो रे, भिंगाने झोत बारीक केलेला, त्याचा लेझरशी संबंध नाही. तोही जवळून डोळ्यात घालायची वस्तू नाही पण त्याचा दिवा मोठा, डोळ्यात त्याचा केसाएवढा ठिपका होत नाही, असं मास्तर म्हणाला.

शेवटी सोन्याने पेपरची ती आकड्यांची कड फाडून खिशात घातली. रविवारी मंडळाची मीटिंग आहे, तिथे मी विषय काढणार, मनी येते म्हणालीये, आणि सोन्याचं म्हणणं की आठ शार्पी आणि चांगला धूर एवढ्याचं भाडं मंडळाने लेझरइतकंच दिलं तर तो दोन्ही मशिनी गोडाऊनमधून काढणारच नाही. भाड्यावर अजून घासाघीस चालू आहे.