बेकारीचा दाखला कोण देणार?

माझा मावसभाऊ कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ठेकेदारामार्फत कामाला होता. ऑर्डरी घटल्या आणि ‘सोमवारपासून येऊ नका, निरोप देतो’ एवढ्या तोंडी सांगण्यावर त्याचे काम थांबले. पगारातून विम्याची कपात होत होती, तेव्हा राज्य कामगार विमा महामंडळाकडे मदतीचा अर्ज कर, असे मी स्टुटगार्टहून फोनवर सुचवले. तो हसला आणि म्हणाला, “दादा, काम हाय असं कुणी कधी लिहून दिलं न्हाई, आता गेलं म्हणून कोण लिहून देतंय?”

गावाकडे बेरोजगारांना मदत देण्याचा विषय निघाला की वाद ‘फुकट वाटप’ या शब्दावर येऊन थांबतो. 2024 मध्ये राज्याने बारावी, आयटीआय किंवा पदविका आणि पदवी अशा शिक्षणानुसार दरमहा 6, 8 आणि 10 हजार रुपयांची प्रशिक्षण योजना आणली, तेव्हाही द्यावे की देऊ नये यावरच भांडण झाले. ती योजना 35 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी होती. चाळिशीत हातचे काम गेलेला, ओतकामाचे साचे बनवणारा मोल्डर त्या चर्चेत कुठेच नव्हता. माझ्या मते खरा प्रश्न पैशांच्या आधीचा आहे. ज्याच्या कामाची नोंद नाही, त्याची बेकारीही सिद्ध होत नाही.

जर्मनीत मी स्वतः या वाटेने गेलो आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या माझ्या कंपनीने विभाग बंद करत असल्याचे लेखी कळवले. येथील नियमानुसार नोकरी संपण्याच्या किमान 3 महिने आधी, आणि त्याहून उशिरा कळले तर कळल्यापासून 3 दिवसांत, रोजगार कार्यालयात नाव नोंदवावे लागते. अजून पगार चालू असताना मी बेकार होणार आहे असे कुठल्या तोंडाने सांगायचे, अशा अस्सल कोल्हापुरी संकोचापायी मी पंधरा दिवस गप्प बसलो आणि एका आठवड्याचा भत्ता गमावला. स्वतःहून राजीनामा दिला असता तर साधारणपणे 12 आठवडे काहीच मिळाले नसते. म्हणजे येथेही कागदाची काटेकोर शिस्त आहे आणि तिला दयामाया नाही. मात्र नोकरी किती दिवस होती, पगार किती होता आणि ती का संपली, हे सारे प्रमाणपत्रात भरून देण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्यासाठी मला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. मागील 30 महिन्यांत 12 महिने वर्गणी भरलेली असली की निव्वळ पगाराच्या 60 टक्के आणि मूल असल्यास 67 टक्के रक्कम मिळते. त्या वर्गणीत निम्मा वाटा कामगाराचा असल्यामुळे तिला कोणी फुकट म्हणत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असे समजण्याचे कारण नाही. काम गेलेल्या विमाधारकांसाठी याच राज्य कामगार विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये सुरू झाली आणि 2020 मध्ये तिची मदत सरासरी वेतनाच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेण्यात आली. 2020 च्या नियमांनुसार ती आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त 90 दिवस मिळते. त्यासाठी किमान 2 वर्षांची विमापात्र नोकरी आणि काम सुटण्याच्या लगतच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. माझ्या भावाने पाच वर्षे एकाच भट्टीसमोर काढली, पण कागदावर तो तीन ठेकेदारांकडे फिरला आणि मध्ये मध्ये ‘ब्रेक’ दाखवले गेले. ते ब्रेक त्याच्या हजेरीतले दिवस खातात, आणि खरोखर काम सुटले तो दिवस मात्र कुठेच लिहिलेला नसतो.

याच मातीत या कोड्याचे एक उत्तर निघाले होते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील, विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि 1977 च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी योजना बेकारीचा पुरावा मागतच नव्हती, कारण उन्हात खडी फोडायला जो स्वतःहून येतो, त्याची गरज निराळी सिद्ध करावी लागत नाही. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने अर्जाची तारीख घातलेली पोच देण्याचे बंधन घातले आणि 15 दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता ठरवला. मग त्या भत्त्याची सारी लढाई पोच मिळवण्यावर येऊन ठेपली. तरीही फौंड्रीतील कसबी कामगाराला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याला खडीवर पाठवणे हा इलाज नव्हे.

यात आपल्या घरांचाही वाटा आहे. काम सुटलेला मुलगा आठवडाभर डबा घेऊन बाहेर पडतो, स्थळाच्या बायोडाटात मधले सहा महिने ‘स्वतःचा व्यवसाय’ म्हणून भरले जातात, आणि पुढे मदत मागायची वेळ आली की तेच लपवलेले महिने सिद्ध करून दाखवावे लागतात. माझ्या मावशीला अजून काही सांगितलेले नाही.

2020 पासून भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कामगार स्वतः नोंदवू शकतो, फक्त शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिने थांबावे लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या श्रमसंहितांनी, म्हणजे नव्या कामगार कायद्यांनी, प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे आणि ठेकेदाराने अनुभवाचा दाखला द्यावा असेही म्हटले आहे, पण तो कामगाराने मागितला तर. उद्या त्याच ठेकेदाराकडे पुन्हा उभे राहायचे असताना तो कोण मागणार? मागणीची अट काढावी, काम थांबल्याची तारीख आणि कारण त्याच दाखल्यात यावे, आणि तो देईपर्यंत कारखान्याने ठेकेदाराचे त्या महिन्याचे बिल अडवून धरावे.